मिठाऐवजी लिंबू

लिंबू घ्यावं तर घड्याळजींनीच. बाजारातल्या बाकीच्यांना लिंबू पिवळं दिसलं की पुरे असतं. भराभर पिशवीत टाकतात आणि मग घरी जाऊन रस निघत नाही म्हणून बोटं मोडतात. घड्याळजींचं तसं नव्हतं. ते एकेक लिंबू तळहातावर ठेवून वजन घेत. दोन लिंबं सारख्याच आकाराची असली तर जड ते रसाचं आणि हलकं ते सालीचं, हा त्यांचा सिद्धांत. मग अंगठ्यानं दाबून बघायचं. पातळ सालीचं लिंबू जरासं दबतं, जाड सालीचं दाद देत नाही. देठापाशी मऊ पडलेलं बाजूला, सुरकुतलेलं बाजूला. सगळ्यात शेवटी सालीवर नखानं बारीकसा ओरखडा काढायचा आणि लिंबू नाकाशी न्यायचं. चाळीस वर्षं मनगटी घड्याळांची पोटं उघडून बसलेला माणूस, त्यामुळे घाई हा प्रकार अंगात नाही. लिंबूवाली बाई त्यांना लांबून येताना पाहायची आणि बाकीची गिऱ्हाइकं आधी उरकून घ्यायची.

तर या गृहस्थांना थंडीत सर्दी झाली. आठ दिवसांत सर्दी गेली, आणि जाताना वासही घेऊन गेली.

हे त्यांच्या लक्षात आलं तेही लिंबूवालीपुढेच. ओरखडा काढला, नाकाशी नेलं, काही नाही. दुसरं घेतलं, तेही तसंच. तिसऱ्याला ते वैतागले.

"काय माल आणलाय हा? याला वासच नाही."

बाईनं तेच लिंबू घेतलं, हुंगलं आणि त्यांच्याकडे अशी पाहत राहिली, जणू आता हे भाव पाडून मागणार. "अहो, इथवर घमघमतंय की."

घड्याळजींनी मुकाट्यानं सहा लिंबं घेतली. घरी येऊन त्यांनी कॉफीच्या डब्यात नाक घातलं. मग साबणाच्या वडीवर. मग घड्याळाची चाकं धुवायच्या स्पिरिटच्या बाटलीवर, ज्याच्या वासानं पाहुणे बाहेरच्या खोलीत फार वेळ बसत नसत. कशालाच काही नाही. त्यांनी बाटलीला बूच लावलं, काढलं आणि पुन्हा एकदा हुंगून पाहिलं.

आता कोणीही म्हणेल, यात लपवण्यासारखं काय आहे? बायकोला सांगायचं, डॉक्टरकडे जायचं. पण त्यांची बायको कोण होती हे आधी बघायला हवं. ती होती सिस्टर. हॉस्पिटलातल्या भाजलेल्या माणसांच्या वॉर्डात बावीस वर्षं काढलेली. सगळी गल्ली तिला सिस्टर म्हणायची, आणि घड्याळजीसुद्धा. गॅस, काडेपेटी, उकळतं तेल यांच्या बाबतीत सिस्टर कोणाचं ऐकत नसे. तीन वर्षांपूर्वी तिच्या आईनं, जी त्यांच्याकडेच राहायची, रिकामं पातेलं गॅसवर ठेवलं आणि विसरून गेली. महिन्याभरानं पुन्हा तसंच. दुसऱ्या खेपेला सिस्टरनं आवाजही चढवला नाही. काळं पडलेलं पातेलं घासून जागेवर ठेवलं आणि म्हणाली, "आई, आजपासून गॅसपाशी जायचं नाही."

आई त्यानंतर गॅसपाशी गेल्या नाहीत. खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या त्या बसल्याच. सुरुवातीला तिथून आत विचारायच्या, भाजीत काय घातलं, कोबी कोवळा होता का. मग विचारणं कमी झालं. मग फक्त "हो", "नको" आणि "पुरे" एवढंच राहिलं. आयुष्यभर घरादाराला खाऊ घातलेली बाई, पण आता ताट पुढ्यात आलं की जेवायची आणि ताट उचललं की खिडकीबाहेर बघायची.

स्वयंपाक घड्याळजींकडे आला, कारण त्यांचं कामाचं टेबल घरातच होतं आणि त्या टेबलावर आता फारसं काही येत नव्हतं. वेळ बघायला लोकांच्या खिशात फोन असतो. पहिले काही दिवस त्यांनी वैतागून रांधलं, आणि मग त्यांना त्याचा असा काही नाद लागला की विचारू नका. सिस्टर ड्यूटीवरून येऊन पहिला घास घेई आणि खांदे खाली सोडून "हं, आता बरं वाटलं" म्हणे, तेव्हा बंद पडलेलं जुनं घड्याळ चालू केल्यासारखं त्यांना वाटायचं. त्या घरात ते अजून कोणीतरी होते ते फक्त चुलीपुढे. वास गेला हे कळलं की सिस्टर आवाज न चढवता काय म्हणेल, हे त्यांना पाठ होतं, आणि खिडकीपाशी दुसऱ्या खुर्चीला जागाही होती. म्हणून ते गप्प बसले.

नाक गेलं तरी डोळे होते, घड्याळं तर होतीच. लसूण चाळीस सेकंद, कांदा सोनेरी दिसेपर्यंत, दूध कडेनं फुगायला लागलं की बंद. ओट्यावर तीन घड्याळं मांडून स्वयंपाक चालायचा. गॅस बंद केला की बटण बोटानं चाचपायचं, दोन पावलं जायचं, परत येऊन चाचपायचं. रात्री अंथरुणातून उठून एकदा. खोटं कशाला सांगा, त्यांना स्वतःलाही भीती वाटत होती.

पण चवीचं काय करणार? वासाशिवाय जिभेला फार थोडं कळतं, हे त्यांना आता समजलं. खारट, गोड, कडू, आंबट, संपलं. सूप म्हणजे कोमट ओला कागद. मासा म्हणजे मऊ ओला कागद. फक्त लिंबू पिळलं की जिभेच्या कडांना मुंग्या यायच्या, जबडा आवळून यायचा, आणि वाटायचं की आपण काहीतरी खातोय. मग अर्ध्या लिंबाचं एक झालं. एकाची दोन झाली.

पहिल्यांदा दोन लिंबांचं सूप वाढलं त्या संध्याकाळी आईंनी एक घोट घेतला आणि त्यांचा डावा डोळा आपोआप मिटला. सिस्टरनं एक चमचा तोंडात घातला, गिळला, चमचा खाली ठेवला. आता सापडलो, घड्याळजींना वाटलं.

सिस्टरचे डोळे भरून आले होते.

"शेवटी ऐकलंत माझं," ती म्हणाली.

आता हे ऐकणं कशाचं, तर मिठाचं. आईंचं ब्लडप्रेशर चढलेलं होतं, डॉक्टरांनी मीठ निम्म्यावर आणायला सांगितलं होतं, आणि सिस्टर नवऱ्यामागे लकडा लावून होती की मिठाऐवजी लिंबू वापरा, मीठ कमी असल्याचं कळतही नाही. घड्याळजी तेव्हा ताठ्यात म्हणाले होते की आजाऱ्याचं जेवण आजाऱ्यांच्या वॉर्डात शिजवा, माझ्या स्वयंपाकघरात नाही. तेच गृहस्थ आज न बोलता सुपात लिंबू पिळतात म्हटल्यावर सिस्टरनं सरळ हिशेब केला.

घड्याळजींनी त्या वेळी खरं सांगायला हवं होतं. ते म्हणाले, "हं."

बस, एवढंच. पण त्या एका "हं"च्या जिवावर तीन महिने निघाले. मीठ होतं तेवढंच पडत होतं, वर लिंबू. सिस्टर दर दोन दिवसांनी म्हणायची, "बघा, मीठ नाही हे जाणवतसुद्धा नाही!" जाणवणार कसं? वॉर्डातल्या झाडून सगळ्यांना तिनं सांगितलं की आमच्याकडे सासूसाठी जावयानं मीठ सोडलं. एक दिवस एक नर्स मुद्दाम घरी येऊन त्यांना बघून गेली. घड्याळजी लाजले, आणि लोकांना तो त्यांचा विनय वाटला.

आता आठवड्याला सहा लिंबांची पंचवीस झाली. लिंबूवाली म्हणाली, "कपडे धुता की काय यात?" पण एवढी लिंबं सांभाळायची कशी, हे घड्याळजींकडून शिकावं. आणली की धुवायची आणि कोरड्या फडक्यानं पुसायची, अगदी देठाच्या खाचेतूनसुद्धा, कारण बुरशीला तेवढी ओल पुरते. मग प्रत्येक लिंबू कागदात गुंडाळून कागदावर तारीख घालायची, दुरुस्तीला आलेल्या घड्याळाला चिठ्ठी बांधतात तशी, आणि झाकणाच्या डब्यात घालून डबा फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवायचा. अर्धं उरलं तर बशीत पालथं, आणि दुसऱ्या दिवशी पहिला मान त्याला. फार झाली की रस काढून बर्फाच्या ट्रेमध्ये ओतायचा. कापण्याआधी लिंबू तळव्याखाली ओट्यावर लोळवून घ्यायचं. पिळायचं ते गॅस बंद केल्यावर, नाहीतर रस कडवटतो. बी पडलीच तर कामाच्या चिमट्यानं उचलायची.

इतकं करूनही एक लिंबू फसवून गेलं. कागदाच्या आत हिरवी लव धरून बसलं होतं. सिस्टरनं फ्रिज उघडला आणि तोंडावर पदर धरला.

"ई! काय कुजलंय हे?"

घड्याळजी फ्रिजला टेकूनच उभे होते. "तेच काढायला आलो होतो," ते म्हणाले, आणि वाकून पहिलं हाताला लागलं ते काढलं. ते चांगलं निघालं. दुसरं काढलं, तेही चांगलं. तिसऱ्याला हिरवं दिसलं तेव्हा त्यांचा जीव भांड्यात पडला. सिस्टरला ड्यूटीची घाई होती, ती गेली. आई मात्र मान वळवून त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिल्या.

खरी गोष्ट अंगाशी आली ती रविवारी. सिस्टर दर रविवारी जेवणानंतर आईंचं ब्लडप्रेशर मोजायची. त्या दिवशी तिनं पट्टा दोनदा बांधला, दोनदा सोडला.

"उतरायचं सोडून चढलंय," ती म्हणाली. "मीठ तोडून तीन महिने झाले, तरी! उद्या डॉक्टरांकडे नेते. मोठी गोळी लावायला सांगते, आता दुसरा इलाज नाही."

मोठी गोळी मागच्या वर्षी एकदा लावून झाली होती. तिनं आईंना अशी घेरी आली की त्या न्हाणीघरात पडल्या आणि कपाळाला तीन टाके पडले.

घड्याळजी कामाच्या टेबलापाशी जाऊन बसले. डोळ्याला भिंग लावलं, पुढ्यात घड्याळ मात्र घेतलं नाही. पळवाट होती. आज रात्रीपासून गुपचूप मीठ कमी करायचं, कोणाला काही कळणार नाही. पण उद्या डॉक्टर गोळी वाढवणार, इकडे मीठही तुटणार, आणि दोन्ही मिळून ब्लडप्रेशर असं खाली येईल की या वेळी टाक्यांवर निभावणार नाही. घड्याळ मागे पडत असलं तर एका वेळी एकच गोष्ट हलवून बघतात, हे त्यांनी कितीतरी शिकाऊ मुलांना ओरडून सांगितलं होतं. दुसरी वाट खरं सांगण्याची. मिठाचं सांगितलं की लिंबाचं सांगावं लागेल, लिंबाचं सांगितलं की नाकाचं, आणि नाकाचं सांगितलं की स्वयंपाकघर गेलं. त्यांनी हे उलटसुलट करून पाहिलं. प्रत्येक वेळी शेवटी आईंचं कपाळ दिसायचं. त्यांनी भिंग काढून ठेवलं.

सिस्टर युनिफॉर्मला इस्त्री करत होती.

"मोठी गोळी मागू नकोस," ते म्हणाले. "मी मीठ कमी केलेलंच नाही."

इस्त्री थांबली. "म्हणजे?"

"आधी होतं तेवढंच घालतो. लिंबू मी माझ्यासाठी घालत होतो. मला वास येत नाही. सर्दी झाली तेव्हापासून. काही म्हणजे काहीच नाही. जिभेला फक्त आंबट कळतं."

सिस्टरनं आधी इस्त्रीचं बटण बंद केलं. मग वायर काढली. मग ती स्वयंपाकघरात जाऊन गॅसचं बटण बघून आली. परत आली तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"तीन महिने," ती म्हणाली. "मी ड्यूटीवर, आई घरात, आणि तुम्ही नाक नसताना गॅस पेटवताय. काय झालं असतं, कळतंय का तुम्हाला? माझ्या वॉर्डात येऊन बघा एकदा. या बघायला!"

"कळतंय. म्हणूनच बोललो नाही."

"आणि मी जगाला सांगत सुटले, की आमचे हे..." तिनं युनिफॉर्मची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. आणि मग आवाज न चढवता म्हणाली, "उद्यापासून मी कँटीनमधून डबा आणेन. तुम्ही गॅसपाशी जायचं नाही."

घड्याळजींनी मान हलवली.

"मला वास येतो."

दोघांनीही वळून पाहिलं. आई खुर्चीत पुढे सरकून बसल्या होत्या.

"ते लिंबू चार दिवस कुजत होतं," आई म्हणाल्या. "मला पहिल्याच दिवशी कळलं. म्हटलं, आपल्याला कोण विचारतंय. परवा दूध लागलं होतं खाली, तेही कळलं. माझं नाक शाबूत आहे, पोरी. मला आठवत नाही ते गॅस बंद करायचं. त्यांना ते आठवतं. दहादा उठून बघतात."

सिस्टर एकदा आईंकडे, एकदा नवऱ्याकडे बघत राहिली. शेजारशेजारच्या दोन खाटांवरचे पेशंट एकमेकांची जामीनकी घेताना बघावं तसं तिचं झालं. इतकी वाक्यं एका दमात तिनं आईच्या तोंडून तीन वर्षांत ऐकली नव्हती.

"दोघांनी मिळून," ती शेवटी म्हणाली. "बटणाला हात यांचा. आणि आई, तू शेजारी स्टुलावर बसून वास घ्यायचा, स्टुलावरून उठलीस की गॅस बंद. एकट्यानं कोणीही पेटवला तर त्याच दिवशी मी शेगडी विकून टाकेन."

सोमवारी डॉक्टरांनी गोळी आहे तीच ठेवली आणि या खेपेला मीठ खरोखरच कमी करा म्हणाले. घड्याळजींच्या नाकात बॅटरीचा उजेड टाकून नाकाच्या डॉक्टरांनी पाहिलं. वास कदाचित येईल, म्हणाले, कदाचित नाही. सिस्टरनं परतीच्या वाटेवर गॅस गळला तर वाजणारं यंत्र घेतलं, भिंतीवर बसवून घेतलं, आणि तरीही दोघांना नियम पुन्हा म्हणून दाखवायला लावला. मगच ती ड्यूटीवर गेली.

आईंनी कोपरापर्यंत हात धुतले. तीन वर्षांनी त्या स्वयंपाकघरात स्टुलावर बसल्या होत्या, आणि बसल्याबसल्या त्यांनी मसाल्याच्या डब्यांची जागा चुकल्याचं सांगितलं, सुरीला धार नसल्याचं सांगितलं, कांदे फार थोरले चिरल्याचं सांगितलं. घड्याळजींनी तेलात लसूण टाकला आणि घड्याळाकडे पाहिलं.

"उतरवा," आई म्हणाल्या.

"अजून नऊ सेकंद आहेत."

"घड्याळाला काय डोंबल कळतंय? लसूण झालाय."

त्यांनी उतरवला. खरंच झाला होता, रंगावरून दिसत होतं. बटाट्याचं सूप शिजलं, मीठ आईंनी चिमटीनं घातलं, इतकं थोडं की घड्याळजींना ते भांड्यात पडलेलं दिसलंही नाही. गॅस बंद. त्यांनी बटण चाचपलं, आईंनी हवा हुंगली आणि मान डोलावली. मग घड्याळजींनी लिंबू लोळवलं, कापलं, आणि सवयीनं दोन्ही फोडी घेऊन पुढे झाले.

"एक चमचा," आई म्हणाल्या. "पुरे. पुरे म्हटलं ना!"

घड्याळजींनी चव घेतली. कोमट ओला कागद. इतकं सगळं होऊनही त्यांना काही लागलं नाही, आणि त्याचं त्यांना फार वाईट वाटलं. आईंनी मात्र चमचाभर सूप तोंडात घोळवलं आणि सावकाश गिळलं.

"तीन महिने आंबट ढाण खाल्लं मी," त्या म्हणाल्या. "दातांची वाट लागली. होते नव्हते तेवढ्यांची."

"मग बोलला का नाहीत, आई?"

आईंनी चमचा ओट्यावर ठेवला. "ती म्हणाली ना, माझ्यासाठी करताय म्हणून. त्या खुर्चीत बसल्यापासून माझ्यासाठी म्हणून कोणी काही वेगळं केलं नव्हतं, जावईबापू. त्याला नावं कशी ठेवणार?"

घड्याळजींना मान वर करवेना. आई चिडल्या असत्या, लागेल असं बोलल्या असत्या, तर सोसलं असतं. एका घरात, दहा पावलांवर, ही बाई रोज संध्याकाळी तो घोट प्रेमानं गिळत होती, आणि आपल्याला फक्त आपली जीभ दिसत होती.

"तेव्हा तुमच्यासाठी नव्हतं, आई," ते म्हणाले.

"कळलं ते काल. आजचं?"

"आजचं तुमच्यासाठी आहे."

"मग वाढा," आई म्हणाल्या.

त्यांनी दोन वाट्या भरल्या. आईंनी स्वतःची वाटी जवळ ओढली, मग त्यांची ओढली. "तुमच्याही जिभेला काहीतरी लागायला हवं," त्या म्हणाल्या, आणि उरलेली फोड त्यांनी जावयाच्या वाटीत पिळली. हाताला जोर राहिला नव्हता, म्हणून दोन्ही हातांनी पिळली.